एअरो बार घ्यायचाय? आधी टेप आणि ॲलन की हातात घ्या

(या भागाचं लिखित रूप. बोलताना जिथे नुसतं 'हे असं' म्हणालो होतो, तिथे वाचणाऱ्यांसाठी शब्द घातले आहेत.)

००:०० सुरुवात

पहाटेच रेकॉर्डिंगला बसलोय, तरी मागे नवघर रोडवरच्या रिक्षांचा हॉर्न ऐकू आला तर सांभाळून घ्या.

सध्या तुमच्याकडून एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतोय. "दादा, गोव्याची हाफ आयर्नमॅन करायचीय. रोड बाइक आहे. एअरो बार कोणता घेऊ?" आणि खाली तीन कार्बन बारच्या लिंक.

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. ज्यावर तुम्ही दीड-दोन तास न कण्हता कोपर टेकवून राहू शकता, तो बार चांगला. बाकी सगळं त्यानंतर.

०१:१५ हा बार करतो काय?

सपाट रस्त्यावर तिशीच्या वेगाने जाताना तुमची बहुतेक ताकद हवा बाजूला सारण्यात जाते. वेग दुप्पट केला तर हवेचा रेटा चौपट होतो, आणि त्यासाठी लागणारी ताकद आठपट. आणि हवेला अडवतं कोण? सायकल कमी, आपण जास्त. छाती, खांदे, रुंद पसरलेले हात. एअरो बारवर हात पुढे आणि जवळ येतात, पाठ खाली जाते, हवेसमोरचं अंग लहान होतं.

याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे १९८९ ची टूर द फ्रान्स. शेवटच्या दिवशी व्हर्साय ते पॅरिस अशी २४.५ किलोमीटरची टाइम ट्रायल होती. ग्रेग लेमाँड ५० सेकंदांनी मागे होता. त्याने ट्रायथलॉनवाल्यांचा बार लावला, पुढे असलेल्या लोराँ फिन्योंने लावला नाही. लेमाँड ८ सेकंदांनी टूर जिंकला. सगळं श्रेय बारचं नाही, पण त्या दिवसानंतर या बारला कोणी हसलं नाही.

आता आपलं गणित. गोव्यात २०१९ पासून होणाऱ्या आयर्नमॅन ७०.३ मध्ये १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणं असतं. सायकल ताशी २८ ऐवजी ३० ने झाली, तर साधारण १३ मिनिटं वाचतात. पण ९० पैकी ६० किलोमीटर मान दुखते म्हणून तुम्ही उठूनच बसलात, तर तो बार म्हणजे हँडलवर लटकवलेलं ओझं. शिवाय आखडलेली पाठ घेऊन पुढे धावायचंय, हे विसरू नका.

०३:४० माझी फजिती

माझा पहिला बार मी सेकंडहँड घेतला आणि घरीच बसवला. एका रविवारी काशिमीऱ्याच्या पुढे हायवेवर रस्त्याचा जोड आला, कोपरांवर वजन पडलं आणि दोन्ही नळ्या घसकन खाली फिरल्या. पुढचं चाक डगमगलं, मागून ट्रकचा हॉर्न. पडलो नाही, एवढंच.

चूक शंभर टक्के माझी. बहुतेक नव्या रोड बाइकचा हँडलबार मध्यभागी, स्टेमजवळ, ३१.८ मिलिमीटर जाड असतो आणि बाजूला बारीक होत जातो. मी क्लॅम्प त्या उतरत्या भागावर बसवला होता. वरून बोल्ट कितीही पिळला तरी तिथे पकड येणारच नव्हती.

०५:०५ विकत घेण्याआधी काय तपासायचं

एक, जागा. स्टेमच्या दोन्ही बाजूंना गोल, सरळ, सारख्या जाडीचा भाग किती आहे ते मोजा. जुन्या सायकलींवर जाडी २६ मिलिमीटर असू शकते. हँडलचा वरचा भाग चपटा असेल तर साधा क्लिप-ऑन बसणारच नाही.

दोन, हँडल कशाचं आहे. कार्बन असेल तर क्लिप-ऑन लावायला कंपनीची परवानगी आहे का, ते माहितीपत्रकात बघा. बोल्ट टॉर्क रेंचनेच, त्यावर लिहिलेल्या आकड्याइतकाच आवळा. अंदाजाने पिळलात तर कार्बन आतून तडकतं, आणि ते बाहेरून दिसत नाही.

तीन, पॅड. माझ्या मते पैसे इथे घाला. पॅड मागे-पुढे, आत-बाहेर आणि वर-खाली हलतात का? सुरुवातीला पॅड खांद्यांपेक्षा किंचित आत आणि थोडे उंच ठेवा. कोपर साधारण काटकोनात हवं, वजन हाडावर यावं, खांद्याच्या स्नायूंवर नाही. खाली जायची घाई नको.

चार, नळीचा आकार. सरळ नळीत मनगट खाली वळतं. टोकाला वर वळलेली नळी मनगटाला सोपी जाते. दोन्हींच्या मधला, हलक्या वळणाचा प्रकारही मिळतो. नवख्याला वळणाची बरी.

पाच, सीट. पुढे वाकलात की मांडी पोटाला लागते. म्हणून सीट थोडी पुढे आणि किंचित वर घ्यावी लागते. बार लावला आणि सीट तशीच ठेवली, तर दोष बारचा नसतो.

थोडक्यात, पहिला बार ॲल्युमिनियमचा, क्लिप-ऑन, भरपूर ॲडजस्टमेंट असलेला. अख्खा ट्रायथलॉन हँडलबार घ्यायचा तर ब्रेक, गिअर, केबल सगळंच बदलावं लागतं. तो खर्च दुसऱ्या-तिसऱ्या शर्यतीनंतर बघू.

०८:२० आणि आपले रस्ते

हे नीट ऐका. क्लिप-ऑनवर हात असताना ब्रेक हाताशी नसतो. ताशी ३० च्या वेगाने एका सेकंदात तुम्ही आठ मीटरहून जास्त पुढे जाता. हात ब्रेकवर न्यायला एक सेकंद लागला, तर तेवढ्यात तीन रिक्षांची लांबी ओलांडलेली असते. खड्डा, कुत्रा, उघडणारं गाडीचं दार, कोणीही तेवढं थांबत नाही.

म्हणून माझा नियम असा. नवघर रोडवर एअरो बार नाही. स्टेशन ओलांडून राई, मुर्धे गावांतून उत्तनला जातानाही नाही. ग्रुपमध्ये, कोणाच्या मागे चिकटून असताना तर कधीच नाही. सराव घरी ट्रेनरवर करा. आधी दहा मिनिटं, मग वीस, मग तासभर. नंतर पहाटे मोकळ्या, ओळखीच्या, सरळ रस्त्यावर. एका हाताने बाटली काढून परत ठेवता येईपर्यंत शर्यतीचा विचार नको.

शर्यतीचे नियमही वाचा. आयर्नमॅनमध्ये पुढच्या सायकलीपासून १२ मीटर अंतर ठेवावं लागतं, म्हणून तिथे हा बार चालतो. एकमेकांमागे चिकटून चालवायची मुभा असलेल्या शर्यतींत त्याचे नियम वेगळे असतात.

१०:१० जाता जाता

लिंक पाठवू नका, फोटो पाठवा. सायकलवर बसलेला, बाजूने काढलेला, कोपर टेकवलेला. तो बघून सांगता येईल की तुम्हाला बार हवाय, की नुसती सीट दोन बोटं पुढे घ्यायचीय. दुसरं काम फुकटात होतं!

भेटू पुढच्या भागात. हेल्मेट घाला, आणि निघण्याआधी बोल्ट तपासा.