युरियाच्या गोणीतला हायड्रोजन

स्वच्छ हायड्रोजनची बातमी आली की सोबत बसचा नाहीतर मोटारीचा फोटो असतोच. खरं तर त्या जागी युरियाची गोणी हवी.

४५ किलोची एक गोणी घ्या. तेवढ्या युरियाला साधारण साडेपंचवीस किलो अमोनिया लागतो आणि त्या अमोनियात साडेचार किलो हायड्रोजन असतो. अलिबागजवळच्या थळच्या आरसीएफसारख्या खत कारखान्यात तो नैसर्गिक वायूतून काढतात. निकेलच्या उत्प्रेरकावर, ८०० अंशांच्या आसपास, वाफ मिथेन फोडते. हायड्रोजन सुटतो, पण या पद्धतीत त्याच्या किलोमागे नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइडही निघतो. आपल्या सरकारी व्याख्येत ‘हरित’ म्हणवून घ्यायचं तर हा आकडा २ किलोंच्या आत हवा.

दुसरी वाट पाण्याची. इलेक्ट्रोलायझरमध्ये शुद्ध पाण्यातून वीज सोडली की एका बाजूला हायड्रोजन जमतो, दुसऱ्या बाजूला ऑक्सिजन. दोन्ही मिसळू नयेत म्हणून मध्ये पातळ पडदा. फुटणारं पाणी गोणीमागे चाळीसेक लिटर, म्हणजे फार नाही. खरी गोम विजेची. किलोला किमान ५० युनिट धरा, गोणीला सव्वादोनशे झाले. सौरवीज ४ रुपये युनिटने मिळाली तरी नुसत्या विजेचे ९०० रुपये. शेतकरी ही गोणी २६६ रुपये ५० पैशांना नेतो, वरचा भार अनुदानावर!

इतकी महाग वस्तू जपूनच वापरायला हवी. बसला वीज बॅटरीतून थेट देता येते. आधी हायड्रोजन आणि मग परत वीज करण्यात निम्म्याहून जास्त ऊर्जा वाटेतच जाते. अमोनियाला मात्र हायड्रोजनवाचून इलाज नाही.

गंमत अशी, की युरियाला कार्बन डायऑक्साइडही लागतो, गोणीमागे ३३ किलो. वायूवरच्या कारखान्यात तो घरचाच असतो, इलेक्ट्रोलायझरकडे नसतो. बाहेरून आणला, तरी शेतात युरिया विरघळून फुटला की तो हवेत जाणारच. डीएपी या खताचं तसं नाही. तिथे अमोनिया आणि फॉस्फोरिक आम्ल एवढ्यावर भागतं, आणि त्यासाठीचा अमोनिया आपण आजही मोठ्या प्रमाणात परदेशातून आणतो.

जानेवारी २०२३ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनचं लक्ष्य २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचं आहे. त्यातला पहिला वाटा डीएपीच्या कारखान्यांना मिळावा. बसगाड्यांचं नंतर बघता येईल.