कुटुंबाचे देणे आणि एकट्याचे देणे

गोंदिया जिल्ह्यातील पुष्कळ शेतकरी व मजूर कुटुंबांत मिळकतीचे मार्ग ऋतुमानाप्रमाणे पालटतात. खरिपाच्या धानाचा पैसा हंगामानंतर एकरकमी येतो. उन्हाळ्यात तेंदूपत्ता संकलनाची मजुरी मिळते. विड्या वळण्याचे काम बहुधा स्त्रिया घरी बसून करतात. याउलट वीज, किराणा, औषधपाणी व मुलांचे शिक्षण यांचा खर्च बारमाही असतो. आवक अनियमित आणि जावक नियमित, ही रचना काटकसरी दांपत्यासही जड जाते. मग दोघांपैकी एक जण उधळ्या, व्यसनी अथवा हिशेबाविषयी बेफिकीर असेल, तर घरखर्चाचा व कर्जाचा भार न्यायतः कोणी वाहावा? हा प्रश्न खासगी भासला तरी धर्मशास्त्र व आधुनिक विधी या दोहोंनी त्याचा विचार केला आहे.

याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायातील ऋणादानप्रकरण या दृष्टीने उद्बोधक आहे. पतीने वा पुत्राने केलेले ऋण स्त्रीने फेडण्याचे कारण नाही. त्याचप्रमाणे पत्नीचे ऋण पतीने फेडण्याचे कारण नाही. मात्र ते कुटुंबासाठी केलेले असल्यास गोष्ट निराळी. स्त्रीवर बंधन येते ते तीन प्रकारच्या ऋणांचे: तिने स्वतः मान्य केलेले, पतीसह काढलेले आणि स्वतः काढलेले. मद्य व द्यूत यांपायी पित्याने केलेले कर्ज पुत्रासही बंधनकारक मानलेले नाही. सारांश, कर्ज कोणत्या हेतूने काढले आणि त्यास संमती कोणाची होती, या येथील दोन कसोट्या होत.

तथापि याच परंपरेची दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. स्त्रीने शिल्पकौशल्याने मिळविलेल्या धनावर पतीचे स्वामित्व असते, असे कात्यायनाचे मत आहे. म्हणजे उधळ्या पतीच्या ऋणातून स्त्री मुक्त, परंतु तिची कमाई मात्र त्याच्याच हाती! हिंदू स्त्रियांपुरती ही विसंगती 1956 च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाने दूर केली. त्याच्या कलम 14 अन्वये स्त्रीने स्वतःच्या कौशल्याने वा परिश्रमाने संपादन केलेली मालमत्ताही तिच्या पूर्ण मालकीची ठरते. विडी वळून मिळालेली मजुरी ही अशीच कमाई होय. पुढे 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक अधिनियमाने घरखर्चास लागणारा पैसा अडविणे व स्त्रीधन हिरावणे यांस आर्थिक छळ मानले.

एवढ्याने प्रश्न सुटतो काय? विधी ऋणे वेगळी करू शकतो. चूल व छप्पर वेगळे करू शकत नाही. देयक पतीच्या नावे असले तरी वीज तोडली जाते तेव्हा अंधार सर्वांच्याच वाट्यास येतो. पतपुरवठ्याच्या क्षेत्रातही हेच दिसते. रिझर्व्ह बँकेच्या 2022 मधील निर्देशांनुसार सूक्ष्मकर्जासाठी पती, पत्नी व अविवाहित मुले मिळून एक कुटुंब धरले जाते, आणि त्या कुटुंबाच्या सर्व कर्जांचे मासिक हप्ते मासिक उत्पन्नाच्या 50 टक्क्यांहून अधिक असता कामा नयेत. हा नियम कर्जबाजारीपणास आळा घालण्यासाठी आहे, व तो योग्यही आहे. परंतु पतीच्या हप्त्यांनीच ती मर्यादा भरली, तर शिलाईयंत्रासाठी कर्ज मागणाऱ्या पत्नीस नकार मिळतो. जे ऋण विधीच्या दृष्टीने तिचे नव्हे, त्याचे परिणाम मात्र तिला भोगावे लागतात.

म्हणून अधिकारास हिशेबाची जोड हवी. घरात सामाईक, पतीचा व पत्नीचा असे तीन हिशेब स्वतंत्र असावेत. सामाईक खर्चाची वाटणी सरसकट निम्मी न करता मिळकतीच्या प्रमाणात करावी. धानाची रक्कम येताच पुढील हंगामापर्यंतची देयके प्रथम बाजूस काढावीत. कारण बेफिकीर माणसाच्या हाती महिन्याच्या मजुरीपेक्षा एकरकमी पैसा अधिक लवकर सरतो. कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वी हेतू विचारावा; सही केल्यावर ते ऋण ‘पत्यासह काढलेले’ होते आणि मग स्मृती वा न्यायालय, कोणीच सोडवीत नाही. उधळेपणा पत्नीचा असला, तरी हेच नियम लागू पडतात.

अभ्यासकांसाठी यातून एक सूचना निघते. आपल्या पाहण्यांत कुटुंब हेच एकक धरण्याचा प्रघात आहे. एका घराचे उत्पन्न व कर्ज एकाच रकान्यात मांडले, की कोणी मिळविले व कोणी उधळले हे दृष्टीआड होते. प्रश्नावलीत हे दोन रकाने वेगळे केल्यास दारिद्र्याचे एक कारण घराच्या उंबरठ्याआतही सापडेल.