गच्चीवरचे ग्लायडर

‘‘काय हो, गच्चीवर होडी बांधताय वाटतं?’’ गेल्या मे महिन्यात शेजारच्या काकूंनी विचारलं आणि मला हसू आवरेना. दोन स्टुलांवर जवळजवळ दीड मीटर लांबीचं, पुढे फुगीर नि मागे निमुळतं होत गेलेलं लाकडी धूड आडवं पडलेलं. कुणालाही होडीच वाटावी! पण ते होतं विमानाचं धड. इंजिन नसलेलं, वाऱ्यावर तरंगणारं जे ग्लायडर, त्याच्या छोट्या प्रतिकृतीचं.

आमचे चिरंजीव नववीत गेलेले. हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवरची ग्लायडर्स एकदा पाहून आला, तेव्हापासून डोक्यात तेच. माझे धाकटे दीर आयटीआयमध्ये शिकवतात. काका-पुतण्यांनी मिळून बेत ठरवला. ‘एएसके २१’ नावाचं जर्मन बनावटीचं दोन आसनांचं ग्लायडर करायचं, सहापट लहान. खरं ग्लायडर १९७९ साली पहिल्यांदा उडालं. त्याचं धड ८.३५ मीटर आणि पंखांचा पसारा १७ मीटर. म्हणजे आमचं धड १३९ सेंटिमीटर, आणि पंख पावणेतीन मीटरच्या वर! ‘‘पुढच्या वर्षी दहावी, आणि हे काय खूळ?’’ म्हणून ह्यांचा विरोध. माझी काळजी वेगळी होती. कुठलीही गोष्ट उत्साहाने सुरू करायची नि अर्धवट सोडायची, ही मुलाची जुनी खोड. तबला झाला, चित्रकलेची परीक्षा झाली. हेही त्याच वाटेने गेलं, तर गच्चीवरचं धूड मलाच उचलावं लागणार!

तुम्ही म्हणाल, लाकडाचं धड तयार आहे, मग आणखी काय करायचं? तीच तर मेख आहे. ते धड उडत नाही. तो नुसता नमुना. त्यावरून फायबरग्लासचा साचा करायचा आणि त्या साच्यात पातळ, पोकळ, हलकं धड घडवायचं. खरं ‘एएसके २१’ही फायबरग्लासचंच असतं. जर्मनीत स्टुटगार्टच्या विद्यार्थ्यांनी घडवलेलं ‘फिनिक्स’ हे पहिलं फायबरग्लासचं ग्लायडर १९५७ साली उडालं होतं.

नमुन्यासाठी प्लायवूडचे आडवे छेद उभे करून त्यांवर पातळ पट्ट्या चिकटवल्या, लांबी भरली आणि मग घासणं सुरू झालं. आधी ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग १२०, २२०, ४००, आणि शेवटी पाणी लावून १०००. नमुन्यावर केसाएवढा ओरखडा राहिला तरी तो साच्यात उतरतो, आणि साच्यातून निघणाऱ्या प्रत्येक धडावर पुन्हा उमटतो. खोलगट जागा शोधायला भाऊजी रात्री बॅटरीचा उजेड आडवा धरत. मी मात्र डोळे मिटून तळवा फिरवायची आणि खळगा सापडायचा. पोळ्या लाटून लाटून हाताला तेवढं कळतंच की! तीन आठवडे हे चाललं. दोनदा चिरंजीव पॉलिश पेपर टाकून खाली निघून गेले. दोन्ही वेळा मी एक अक्षर बोलले नाही. संध्याकाळी आपणहून वर गेला.

पुढचं काम समजायला मोदकाचा साचा डोळ्यांपुढे आणा. दोन अर्धी, मध्ये मिटणारी. नमुना अर्ध्यापर्यंत एका फळीत बसवायचा, फट प्लॅस्टिसिनने बुजवायची आणि वरच्या अर्ध्याचा साचा आधी घ्यायचा. फळी नेमकी सर्वांत रुंद जागी यायला हवी, नाहीतर नमुना साच्यात अडकलाच म्हणून समजा. आपण साच्याला तूप लावतो, तसं इथे मेण. एक हात लावायचा, तासभर थांबायचं, चमकेपर्यंत पुसायचं. असे सहा हात. त्यावर पीव्हीएचा पातळ थर. तो पाण्यात विरघळतो, त्याचा उपयोग पुढे कळेल.

मग जेलकोटचा एक हात. बोटाला चिकट लागेल पण बोटावर येणार नाही, इतपत सुकला की काचेच्या धाग्यांची मॅट आणि रेझिन, थरावर थर. ब्रश ओढायचा नाही, टोचत जायचं, म्हणजे बुडबुडे निघतात.

आणि इथेच जे घडलं ते तुम्हाला मुद्दाम सांगते. पॉलिएस्टर रेझिनबरोबर दोन बाटल्या येतात. जांभळट दिसतं ते कोबाल्ट आणि पाण्यासारखं दिसतं ते कॅटॅलिस्ट. दोन्ही अगदी थोडं लागतं. कॅटॅलिस्ट तर शंभर ग्रॅम रेझिनला एक-दोन ग्रॅम, उन्हाळ्यात एकच. मोजायला मी सासूबाईंच्या खोकल्याच्या औषधाचं झाकण दिलं. मुलाने त्यात कोबाल्ट मोजलं, रेझिनमध्ये ओतलं, आणि त्याच ओल्या झाकणात दुसरी बाटली तिरकी केली. भाऊजींनी झडप घालून त्याचा हात बाजूला केला. ‘‘वहिनी, ही दोन एकमेकांत कधीही मिसळायची नसतात. भडका उडतो!’’ आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मगच कॅटॅलिस्ट, तेही वेगळ्या मापाने. कॅटॅलिस्ट डोळ्यात उडालं तर डोळा जाऊ शकतो. पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरून लगेच डॉक्टर गाठायचा. माझे हातपाय गार पडले होते. झाकण दिलं होतं मी, आणि मुलाच्या डोळ्यांवर चष्मासुद्धा नव्हता. त्या दिवशी काम बंद. दुसऱ्या दिवशी गॉगल, हातमोजे, दोन वेगळी मापं आणि बाटल्यांवर ठळक अक्षरांत चिठ्ठ्या.

वास उग्र असतो, म्हणून हे काम उघड्यावरच करावं, शेगडीच्या आसपास तर मुळीच नको. ‘‘अगं, कसला वास हा, डोकं उठलं,’’ म्हणत सासूबाई दोन दिवस नणंदेकडे राहून आल्या. कालवलेलं रेझिन उंच पेल्यात ठेवू नका, ते तापतं नि धुरावतं. पसरट ताटली बरी. स्वयंपाकघरातलं भांडं एकदा दिलं की ते परत घेऊ नये. काचेची कुसं अंगाला लागली तर चोळायचं नाही, गार पाण्याने धुवायचं. आणि ते कपडे इतर धुण्यात टाकाल तर घरभर सगळे खाजवत बसतील. हा अनुभव ह्यांच्या बनियनवर आलेला आहे!

दुसरं अर्ध झालं, कडांना भोकं पाडून नटबोल्टची जागा केली, दोन दिवस वाळू दिलं. आता उघडायचं. प्लॅस्टिकच्या पाचरी घातल्या, साचा हलेना. तासभर गेला. मुलाने स्क्रूड्रायव्हर उचलला, भाऊजींनी तो काढून घेतला. सहा आठवड्यांचं काम आतच राहतंय की काय, म्हणून सगळे गप्प. मग मी खालून कोमट पाण्याची कळशी आणली आणि फटीत धार धरली. पीव्हीए विरघळत गेला. आधी बारीक ‘कट्ट’, मग मोठा आवाज, आणि साचा दुभंगला.

आतली बाजू आरशासारखी! शेपटीजवळ मात्र एक बुडबुडा राहिला होता, चण्याएवढा खड्डा. भाऊजी म्हणाले, चालेल, रंगात झाकून जाईल. मुलाने बोट फिरवलं, थोडा वेळ बघत उभा राहिला, आणि म्हणाला, ‘‘आई, १००० नंबरचा पेपर उरलाय का गं?’’