कंपनीच्या स्टोअरमधून कॉलेजच्या ग्रंथालयात

छत्रपती संभाजीनगरातील (औरंगाबाद) आमच्या कारागीर-व्यापारी घरांतील अनेक पदवीधर मुले वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा येथील कंपन्यांत स्टोअर किंवा रेकॉर्ड सांभाळतात. दहा-बारा वर्षांनी कंत्राट संपते, पाळ्या झेपत नाहीत. मग प्रश्न पडतो, आता वडिलांच्या गल्ल्यावर बसावे की दुसरे काही? महाविद्यालयीन ग्रंथपालाची नोकरी हा एक मार्ग आहे.

काम अगदीच परके नाही. स्टोअरमध्ये माल नोंदवून, कोड देऊन रॅकवर लावतात आणि वर्षाअखेर मोजतात. ग्रंथालयातही दाखल नोंदवही, वर्गांक, देवघेव आणि पडताळणी असते. संगणकावर साठा सांभाळलेल्या माणसाला ‘सोल’ किंवा ‘कोहा’ ही ग्रंथालयाची प्रणाली जड जात नाही.

पण अनुभव म्हणजे पात्रता नव्हे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे ग्रंथालयशास्त्राची पदव्युत्तर पदवी किमान ५५ टक्क्यांनी आणि त्यासोबत नेट, सेट किंवा पीएच.डी. लागते. महाराष्ट्र व गोव्यासाठी सेट परीक्षा पुणे विद्यापीठ घेते. पात्रतेसाठी नेटला कमाल वयाची अट नाही, ही तिशी-चाळिशीतल्यांना दिलासा देणारी बाब. शिक्षणाची सोय येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात आहे. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांना मुक्त विद्यापीठाचा मार्ग आहे.

नियमित पदाची वेतनश्रेणी सहायक प्राध्यापकाइतकी, सुरुवातीचे मूळ वेतन ५७,७०० रुपये. मात्र एका महाविद्यालयात ग्रंथपालाचे पद सहसा एकच, आणि विनाअनुदानित संस्थेत पगार बराच कमी असू शकतो. म्हणून पद मंजूर आहे का, अनुदानित आहे का, हे आधी विचारावे. हातात नेट-सेट येईपर्यंत चालू नोकरी सोडू नये, असे आम्ही स्पष्ट सांगतो.

मनाचीही परीक्षा घ्यावी. डॉ. रंगनाथन मद्रासला गणित शिकवत होते. १९२४ साली ते विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, तेव्हा तेथील एकांत त्यांना सोसवेना. त्यांनी पुन्हा शिकवण्याचे काम मागितले. पुढे लंडनला जाऊन त्यांनी ग्रंथालये पाहिली, तेव्हा त्यांना या कामाचा अर्थ कळला. भारतीय ग्रंथालयशास्त्राचा पाया त्यांनीच घातला. तेव्हा राजीनाम्याआधी काही दिवस एखाद्या ग्रंथालयात बसून काम पाहावे.

घरच्या वडीलधाऱ्यांनीही ‘कंपनी सोडून पुस्तके झाडायला निघाला’ असे म्हणू नये. आपल्याच मोहल्ल्यातील मुलाला परीक्षेच्या आदल्या आठवड्यात नेमके पुस्तक काढून देणारा माणूस लहान काम करीत नाही.