तीनशेची गॅरंटी

लग्नाचं जेवण आटोपत आलं की हॉलच्या मागच्या दाराशी एक बाई ठोकळ्यावर बसते आणि उष्टी ताटं मोजते. उरलेलं अन्न ड्रममध्ये झाडायचं, ताट गठ्ठ्यावर ठेवायचं, पंचवीस झाली की गठ्ठा सरकवायचा आणि पुठ्ठ्यावर एक रेघ ओढायची. शेजारी यजमानांकडचा एखादा काका उभा असतो, तोही मोजत असतो. दोघांचे आकडे जुळल्याशिवाय बिल होत नाही. एका नातेवाइकांच्या लग्नात ही मोजणी पाहिली आणि तिच्यामागचा व्यवहार समजून घ्यावासा वाटला. म्हणून उल्हासनगर कॅम्प १ मधल्या त्या केटररच्या स्वयंपाकघरात जाऊन बसू लागले.

गोल मैदानापासून फार लांब नाही. पत्त्यात अजूनही बरॅक नंबर लिहावा लागतो. कल्याणच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना ठेवलं, ८ ऑगस्ट १९४९ला तिचं उल्हासनगर झालं, पण बरॅकींचे आकडे पत्त्यांत राहिले ते राहिलेच. आत दोन मोठे बर्नर, भिंतीशी एकोणीस किलोचे निळे सिलिंडर, आणि शेपूचा वास. साई भाजीसाठी पालक, चुका आणि शेपू हरभऱ्याच्या डाळीसोबत शिजत असतात. तो वास कपड्यांना चिकटून शहाड स्टेशनपर्यंत येतो. चिरणं, वाटणं, तळणं पहाटेपासून चालू असतं. ते कुठल्याही मोठ्या स्वयंपाकघरासारखंच.

मालकांना सगळे दादा म्हणतात. त्यांचं गिऱ्हाईक जाहिरातीतून फारसं येत नाही. "पक्की मिश्री चांगली झाली की लग्न आपलंच," ते म्हणाले. पक्की मिश्री म्हणजे सिंधी साखरपुडा. शंभर-सव्वाशे माणसं, दाल पकवान किंवा कढी-चावल, वर एखादं गोड. या लहान कामात दादा नफा जवळजवळ सोडून देतात, कारण तिथे दोन्हीकडची घरं जेवतात आणि खरी चव तिथेच घेतली जाते. मोठ्या ऑर्डरआधी घरच्या सहा जणांना बोलावून जेवू घालायचं, हीही रीत. त्यात दादा पनीरपेक्षा साधा भात आणि टूक बनवायला जास्त जपतात. टूक म्हणजे दोनदा तळलेला बटाटा. तो मऊ पडला तर म्हाताऱ्या मंडळींच्या नजरेतून सुटत नाही. अडचण हॉलची. बऱ्याच हॉलचे केटरर ठरलेले असतात. बाहेरचा आणायचा तर हॉलला ताटामागे पैसे मोजावे लागतात. ते कोण देणार, हेही आधीच बोलून घ्यावं लागतं.

बोलून घ्यायचं, आणि मग लिहून. "कागद केल्याशिवाय तेलाचा डबा फोडत नाही," हे दादांचं वाक्य मी अनेकदा ऐकलं. कागद दोन पानांचा आहे. तीनशेची गॅरंटी लिहिली असेल तर दोनशे साठ माणसं आली तरी पैसे तीनशे ताटांचे. स्वयंपाक दहा टक्के जास्तीचा, म्हणजे तीनशे तीस ताटांपुरता. त्यापुढे अन्न कमी पडलं तर जबाबदारी यजमानांची. अंतिम आकडा तीन दिवस आधी कळवायचा. पाच वर्षांखालच्या मुलांचं ताट धरायचं नाही. बँडवाले, फोटोवाले, ड्रायव्हर यांची ताटं धरायची आणि ती किती हे आधी सांगायचं, कारण सगळ्यात जास्त भांडणं याच ताटांवरून होतात. धुतलेलं ताट त्याच जेवणात पुन्हा काउंटरवर ठेवायचं नाही, नाहीतर मोजणीला अर्थ उरत नाही. पाच टक्के जीएसटी वेगळा. शेवटचा हप्ता जेवण सुरू होण्याआधी.

पाहुण्यांना जेवण द्यायच्या कामात इतकी कलमं कशाला, असं यजमानांच्या चेहऱ्यावर दिसतं. मला मात्र हा कागद सभ्य वाटतो. तीनशेची गॅरंटी नसेल तर न आलेल्या चाळीस जणांचा भात केटररच्या माथी बसतो. आणि केटररच्या माथी बसलेलं पुढे आचाऱ्याच्या, वाढप्यांच्या मजुरीतून वसूल होतं.

कागद पूर्वी एका पानाचा होता. मार्च २०२० मध्ये सगळं बंद झालं तेव्हा लग्नसराई तोंडावर होती. बयाणा घेतलेला, तांदूळ-तेल भरलेलं. एप्रिल २०२१ मध्ये तर राज्यात लग्नाला पंचवीस माणसं आणि दोन तास एवढीच मुभा राहिली. १८७२ च्या करार कायद्यात यासाठी उत्तर आहे: कलम ५६ प्रमाणे अशक्य झालेला करार रद्द ठरतो आणि कलम ६५ प्रमाणे घेतलेला लाभ परत करावा लागतो. पण गोदामात भरून ठेवलेल्या तेलाचं काय, हा प्रश्न दादांपुरता तसाच राहिला. त्यांनी निम्मे पैसे परत केले, निम्म्यांसाठी पुढच्या तारखा दिल्या, आणि तारीख बदलण्याचं कलम कागदात आलं.

आता त्यांचं लक्ष अंबरनाथ-बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींकडे आहे. १९४८ च्या कारखाने कायद्याने अडीचशेहून जास्त कामगारांच्या कारखान्यांत कँटीन आलं, आणि तिथे मुहूर्त नसतात, रोजचं जेवण असतं. पैसे मात्र महिनोन् महिने अडकतात. एका कंपनीने दादांचं बिल असंच रखडवलं होतं. तेव्हा त्यांना हिशेबनिसाने २००६ चा लघुउद्योगांचा कायदा समजावला: उद्यम नोंदणी असलेल्या लहान व्यावसायिकाला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत पैसे मिळायला हवेत, करार नसेल तर पंधरा दिवसांत, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. दादांनी हे नव्या करारात लिहून घेतलं. हा कायदा किती लहान केटररना ठाऊक असेल, या विचाराने मला अस्वस्थ व्हायला होतं.

मी पुन्हा पुन्हा जात राहिले ती ताटं मोजणाऱ्या मावशींसाठी. हात पाण्याने पांढरे पडलेले, पण मोजणी कधी चुकत नाही. काका लोक बोलत, फोन घेत मोजतात. त्यांचा आकडा हुकतो आणि शेवटी मावशींचाच धरला जातो. "तीनशे अकरा," नातेवाइकांच्या त्या लग्नाच्या रात्री त्या म्हणाल्या, आणि अकरा ताटांचे पैसे तिथल्या तिथे दादांच्या हाती आले. ज्या बाईच्या शब्दावर बिल होतं, तिची मजुरी मात्र कुठेच लिहिलेली नव्हती. काम असेल त्या दिवशी रोख, रात्री उशीर झाला तर रिक्षाचे वेगळे, तेही आठवण केली तर. दोन पानांच्या कागदात ड्रायव्हरच्या ताटाला ओळ आहे, मावशींना नाही. हे मी दादांना बोलून दाखवलं. ते रागावले नाहीत. लग्नाच्या कामाला रोज वेगळी माणसं लागतात, कोणाकोणाचं लिहू, असं म्हणाले. मला ते पटलं नाही. मावशी बारा वर्षं तिथेच आहेत.

ओळ आली ती कारखान्यामुळे. कँटीनच्या ठेक्यात दर महिन्याच्या बिलासोबत माणसांची यादी, पीएफ आणि ईएसआयसी भरल्याच्या पावत्या जोडाव्या लागतात. त्या नसतील तर बिल पुढे सरकत नाही. दादांनी यादी केली तेव्हा पहिल्या पाचांत मावशींचं नाव घातलं. आधार कार्डावरची जन्मतारीख चुकीची निघाली म्हणून अर्ज एकदा परत आला, मग दुरुस्त झाला. मी शेवटची गेले तेव्हा मावशी ताटं पुसत होत्या. नवऱ्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन कामगार विम्याच्या दवाखान्यात होईल का, असं त्यांनी विचारलं. उल्हासनगरातच ते रुग्णालय आहे आणि विमा असलेल्या बाईच्या नवऱ्यालाही उपचार मिळतात, एवढं मी सांगितलं. किती महिने पैसे भरले की कार्ड चालू होतं, हे त्या दादांना विचारायला आत गेल्या.