वेळ पुरला नाही, की चुकीच्या जागी गेला?

बुद्धिबळ स्पर्धेच्या हॉलबाहेर हरलेला खेळाडू हमखास सांगतो, "डाव चांगला होता, पण वेळच पुरला नाही." चाली मोजणं हे एक काम आणि घड्याळ सांभाळणं हे दुसरं, अशी समजूत त्यामागे असते. प्रत्यक्षात कोणत्या चालींचा विचार करायचा हे नीट ठरवलं, की घड्याळाचं निम्मं दुखणं तिथेच आटोक्यात येतं.

गैरसमज १ : ग्रँडमास्टर प्रत्येक वेळी वीस-वीस चाली पुढचं पाहतात.

वस्तुस्थिती : डच मानसशास्त्रज्ञ आद्रियान दे ग्रूट यांचा अभ्यास १९४६ साली प्रसिद्ध झाला. अलेखाइन, केरेस यांच्यासारखे दिग्गज आणि त्यांच्याहून कमी ताकदीचे खेळाडू यांना त्यांनी त्याच त्या स्थिती दाखवल्या आणि मोठ्याने विचार करायला सांगितलं. कोण किती खोल जातं, यात फारसा फरक आढळला नाही. दिग्गजांच्या नजरेत चांगली चाल सुरुवातीलाच भरत होती. बाकीचे मात्र भलत्याच चाली मन लावून तपासत होते. खोलवर मोजणी लागते ती प्याद्यांच्या शर्यतीत किंवा लागोपाठच्या शहांमध्ये. तिथे प्रत्येक टप्प्यावर उत्तरं एक-दोनच असल्यामुळे ती जमतेही.

गैरसमज २ : चांगली चाल दिसली, की तिचाच शेवटपर्यंत छडा लावावा.

वस्तुस्थिती : सोव्हिएत ग्रँडमास्टर अलेक्झांडर कोटोव यांनी 'थिंक लाइक अ ग्रँडमास्टर' या पुस्तकात याच सवयीवर बोट ठेवलं. खेळाडू एक चाल तपासतो, मग दुसरी, पुन्हा पहिली. अर्धा तास असा जातो, घड्याळाकडे लक्ष जातं आणि घाईघाईत तो तिसरीच, अजिबात न तपासलेली चाल खेळून मोकळा होतो. यावर कोटोव यांचा उपाय असा : आधी संभाव्य चाली, म्हणजे 'कँडिडेट मूव्हज', निवडा आणि मग प्रत्येक फांदी एकदाच तपासा. 'एकदाच' ही अट फार कडक आहे, असं पुढे जोनाथन टिस्डॉल यांच्यासारख्या लेखकांनी म्हटलं. पण आधी यादी, मग मोजणी हा क्रम टिकला. शह, मारामारी आणि थेट धमक्या आधी पाहाव्यात, प्रतिस्पर्ध्याच्यासुद्धा. ही यादी डोक्यातच करावी लागते, कारण चाल खेळण्याआधी ती लिहून ठेवायला फिडेच्या नियमांत मनाई आहे.

गैरसमज ३ : वेळ सगळ्या चालींना सारखा वाटावा.

वस्तुस्थिती : ४० चालींसाठी ९० मिनिटं आणि प्रत्येक चालीला ३० सेकंदांची भर (इन्क्रिमेंट), असा नियम धरा. भरीची २० मिनिटं मिळून ११० मिनिटं होतात, म्हणजे चालीला सरासरी पावणेतीन मिनिटं. पण ओपनिंगच्या पाठ चालींना आणि मारलेलं मोहरं परत मारण्याला काही सेकंद पुरतात. वाचलेला वेळ द्यायचा तो मागे घेता न येणाऱ्या निर्णयांना : प्यादं पुढे ढकलणं, वजिरांची अदलाबदल, मोहऱ्याचा बळी. दोन चाली सारख्याच चांगल्या वाटत असतील, तर त्यांच्यात पंधरा मिनिटं घालवणं परवडत नाही. कोणतीही एक खेळावी.

गैरसमज ४ : वेळेची तंगी फक्त संथ खेळाडूंना येते आणि इन्क्रिमेंटने ती संपली.

वस्तुस्थिती : अलेक्झांडर ग्रिश्चुक तीनदा ब्लिट्झचे जगज्जेते झाले, आणि तरीही क्लासिकल डावात वेळेच्या तंगीसाठी तेच प्रसिद्ध आहेत. तंगी येते ती निर्णय लांबवल्याने. प्रत्येक चालीला वेळेची भर घालणारं घड्याळ बॉबी फिशर यांनी सुचवलं आणि १९९२ च्या स्पास्कीविरुद्धच्या लढतीत ते वापरलं गेलं. त्या भरीमुळे डाव तगतो, पण तीस सेकंदांत नवी योजना आखता येत नाही. शिवाय ती भर सगळीकडे सुरुवातीपासून मिळतेच असं नाही. २०२४ च्या जगज्जेतेपदाच्या लढतीत पहिल्या ४० चालींना इन्क्रिमेंट नव्हतं. तिसऱ्या डावात गुकेशविरुद्ध डिंग लिरेन यांचा वेळ ४० चाली पूर्ण होण्याआधीच संपला. पटावरची त्यांची स्थितीही तोवर ढासळलेली होती.

गैरसमज ५ : वेळ संपला, की हार ठरलेलीच.

वस्तुस्थिती : नियमांनुसार चालींच्या कोणत्याही क्रमाने प्रतिस्पर्ध्याला तुमच्यावर मात करणं अशक्यच असेल, तर डाव बरोबरीत सुटतो. त्याच्याकडे एकटा राजा उरला असेल, तर तुम्हाला अर्धा गुण मिळतो. पण त्याच्याकडे घोडा आणि तुमच्याकडे प्यादं असेल, तर कोपऱ्यातली मात कागदावर तरी शक्य असते आणि तुम्ही हरता.

वेळेच्या तंगीवरचा उपाय बिनखर्चाचा आहे. स्कोअरशीटवर चालीशेजारी घड्याळातला वेळ लिहायला नियमांची परवानगी आहे. पाच-सहा डाव तसे लिहा आणि सर्वाधिक मिनिटं खाणाऱ्या तीन-तीन चाली शोधा. तिथे खरोखर अवघड निर्णय होता, की नुसतीच दोन चालींमधली ये-जा, हे आकड्यांवरून कळेल. सरावाला सुरुवात तिथूनच करावी.