ओळींचे रकाने कसे होतात?

माहिती साठविण्याची सोय आणि ती वाचण्याची सोय या दोन गोष्टी नेहमीच एक नसतात. दुकानदार रोजकीर्दीत व्यवहार घडतील त्या क्रमाने नोंदी करीत जातो. परंतु अमुक गिऱ्हाइकाकडे किती येणे आहे हे पाहावयाचे असेल, तर त्याला खतावणी उघडावी लागते. आकडे तेच, मांडणी मात्र निराळी. संगणकावरील माहितीसंग्रहास, म्हणजे डेटाबेसला, हाच न्याय लागू पडतो.

भारतातील जनगणनांचे एक लहानसे उदाहरण घेऊ. संग्रहात प्रत्येक नोंदीस एक स्वतंत्र ओळ असते. लोकसंख्येचे आकडे कोटींत आहेत.

राज्य | वर्ष | लोकसंख्या
केरळ | १९७१ | २.१३
केरळ | १९८१ | २.५५
केरळ | १९९१ | २.९१
आसाम | १९७१ | १.४६
आसाम | १९९१ | २.२४

साठवणुकीस ही रचना उत्तम होय. नवी जनगणना झाली की राज्यागणिक एक ओळ जोडावयाची. तक्त्याच्या घडणीस हात लावावा लागत नाही. संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी १९७० साली जी संबंधात्मक पद्धती मांडली, तीत ओळींच्या क्रमाला काहीच अर्थ नसतो. प्रत्येक ओळ आपली ओळख स्वतःच सांगते. तुलना करू इच्छिणाऱ्यास मात्र अशी यादी गैरसोयीची वाटते. त्याला प्रत्येक राज्याची एकच ओळ आणि प्रत्येक वर्षाचा एक रकाना हवा असतो.

पृच्छेची रीत

संग्रहास विचारलेल्या प्रश्नास पृच्छा म्हणतात, आणि ती बहुधा एसक्यूएल या भाषेत लिहिली जाते. ओळींचे रकाने करणाऱ्या पृच्छेत तीन गोष्टी सांगाव्या लागतात. पहिली, राज्याच्या नावाप्रमाणे ओळींचे गट पाडावे. दुसरी, प्रत्येक रकान्यास एक अट घालावी : ‘वर्ष १९७१ असेल तर लोकसंख्या घे, नसेल तर घर रिकामे ठेव.’ तिसरी, गटातील अशा घरांची बेरीज करावी.

बेरीज कशासाठी, असा प्रश्न साहजिकच उद्भवेल. केरळच्या गटात तीन ओळी आहेत. १९७१ च्या रकान्यापुरते पाहिले, तर त्यांपैकी एकीतच आकडा येतो व उरलेल्या दोन रिकाम्या राहतात. बेरीज रिकामी घरे सोडून देते. त्यामुळे तीन ओळी मिटून एक होते आणि तो आकडा जसाच्या तसा उरतो. मात्र एखादी नोंद चुकून दोनदा झालेली असेल, तर आकडा निमूटपणे दुप्पट होईल, हेही ध्यानात ठेवावे. शिवाय रकान्यांची नावे सामान्यतः पृच्छेतच आधी लिहावी लागतात. नव्या वर्षाचा रकाना आपोआप उगवत नाही.

राज्य | १९७१ | १९८१ | १९९१
केरळ | २.१३ | २.५५ | २.९१
आसाम | १.४६ | (रिकामे) | २.२४

रिकामे घर आणि शून्य

आता एक गोष्ट सहज नजरेस येते. आसामचे १९८१ चे घर रिकामे आहे; कारण त्या वर्षी तेथील अशांत परिस्थितीमुळे जनगणना होऊ शकली नाही. मूळ यादीत ही उणीव दिसत नव्हती, कारण नसलेल्या ओळीकडे कोणाचे लक्ष जाणार? नव्या मांडणीने एकाही आकड्याची भर घातली नाही. परंतु काय नाही ते दाखविले.

तक्ता नीटनेटका दिसावा म्हणून पुष्कळदा पृच्छेत ‘अट न जुळल्यास शून्य धर’ असे लिहिले जाते. तसे केल्यास १९८१ साली आसामात एकही माणूस नव्हता असा त्या तक्त्याचा अर्थ होईल. तीन वर्षांची सरासरी १.२३ कोटी येईल, म्हणजे १९७१ च्या आकड्याहूनही कमी! घर रिकामे ठेवले, तर संगणक उपलब्ध दोनच आकडे धरतो आणि सरासरी १.८५ कोटी येते.

विक्रीच्या हिशेबात एखाद्या महिन्यात नोंद नसेल, तर तेथे शून्य लिहिणे योग्य ठरू शकते. जनगणनेत ते असत्य ठरते. मोजणी होऊन काहीच आढळले नाही, की मोजणीच झाली नाही, याचा निर्णय संगणक करू शकत नाही. तो पृच्छा लिहिणाऱ्यानेच करावयाचा असतो.